पलीकडे काळा पडदा: लिनक्सवर रिमोट डेस्कटॉप चालेना, तर कुठून सुरुवात करायची

बाबा सांगलीत, मी पुण्यात. बाबांच्या टेबलावर उबंटू या लिनक्सचा पीसी, आणि त्यावर पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी. कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये काही अडलं की त्यांचा फोन यायचा, मी इथून त्यांचा स्क्रीन उघडायचे आणि पाच मिनिटांत काम व्हायचं. तीन वर्षं सुरळीत गेली. मग एका दिवाळीत घरी गेले असताना मी उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेलं. परत आल्यावर पहिल्याच फोनला माझ्यासमोर काळाकुट्ट चौकोन, त्यात माउसचा बाण तेवढा फिरतोय.

"बाबा, स्क्रीन बंद पडलाय का?"

"नाही गं, मला सगळं दिसतंय की."

"मी बाण हलवतेय. हलतोय का तुमच्याकडे?"

"छे! जागेवर बसलाय."

त्या रात्री मी रिमोटचा प्रोग्राम दोनदा काढून परत टाकायला लावला, राउटर बंद-चालू करवला, बाबांना टेबलाखाली वाकून वायर तपासायला लावली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष प्रोग्रामचा नव्हता, वायरचा तर नव्हताच. अपग्रेडमध्ये पडद्यामागची चित्र काढणारी यंत्रणाच बदलली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तुमचा असा रविवार वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः उबंटूची आहेत, कारण मी तेच वापरते. फेडोरा, डेबियन या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना फरक जागोजागी सांगितला आहे.

एक खुलासा आधीच. आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

काय हाताशी हवं

- पलीकडच्या संगणकावर ओपनएसएसएच सर्व्हर. हा आधी टाका, बाकी सगळं नंतर. पडदा दिसला नाही तरी आज्ञा देता येतात, ही मागच्या दाराची किल्ली आहे.
- त्या संगणकावर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देणं) चालेल असं खातं आणि त्याचा पासवर्ड.
- पलीकडे बसलेलं, फोनवर असलेलं कुणीतरी. पहिल्या वेळेला तरी हवंच. का ते चौथ्या पायरीत कळेल.
- तुमच्या बाजूला आरडीपी आणि व्हीएनसी (दूरचा पडदा दाखवायच्या दोन पद्धती) दोन्ही बोलणारा क्लायंट, म्हणजे जोडणारा प्रोग्राम. लिनक्सवर रेमिना पुरतो. विंडोजवर आरडीपीसाठी मूळचंच रिमोट डेस्कटॉप कनेक्शन आहे.
- कागद-पेन. काय बदललं ते लिहून ठेवा, नाहीतर रात्री बारा वाजता कोणती ओळ कुठल्या फाइलीत घातली ते आठवत नाही.

१. हे काळं का होतं, ते दोन मिनिटांत

लिनक्सवर पडद्यावर चित्र आणायचं काम वर्षानुवर्षं एक्स विंडो सिस्टिम करत आली. १९८४ मध्ये एमआयटीत तिची सुरुवात झाली आणि आज आपण जिला एक्स११ म्हणतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. तो काळ आठवा: विद्यापीठातले संगणक, एकमेकांवर विश्वास असलेली माणसं. एक्सची रचना जुन्या वाड्यासारखी आहे. कुठल्याही खोलीतून कुठल्याही खोलीत डोकावता येतं. एखादा प्रोग्राम म्हणाला, "मला अख्ख्या पडद्याचं चित्र दे", तर मिळतं. "मी कळ दाबली असं समज", तर तेही चालतं. रिमोट डेस्कटॉपला हेच तर हवं असतं. पण चोरून पासवर्ड टिपणाऱ्या प्रोग्रामलाही नेमकं हेच हवं असतं.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं. ही नवी फ्लॅट सोसायटी. प्रत्येकाचं दार बंद, खाली वॉचमन. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते परस्पर बघता येत नाही. इंटरकॉमवरून विचारायचं, घरमालक हो म्हणाला तरच वर जायचं. इथला वॉचमन म्हणजे एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल. परवानगी मिळाल्यावर चित्राचा प्रवाह पाइपवायर नावाच्या सेवेतून येतो.

आता काळा पडदा. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून वेलँडच्या आत एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर चालू असतो. आपला जुना रिमोट प्रोग्राम त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, अख्खा पडदा दे. तो बिचारा खोटं बोलत नाही, स्वतःचा पडदा देतो. पण त्या पडद्यावर काही नसतंच, म्हणून काळं. बाण मात्र तुमचाच क्लायंट तुमच्या बाजूला काढत असतो, त्यामुळे तो मजेत फिरतो आणि सगळं जोडलं गेलंय असा भास होतो. बाबांच्या बाजूला तो जागचा का हलत नव्हता, हे मला हे वाचल्यावर कळलं.

२. पलीकडे एक्स आहे की वेलँड, ते आधी ओळखा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. मी गाळली होती.

पलीकडे माणूस असेल तर सोपं: उबंटू २२.०४ मध्ये सेटिंग्ज उघडून सगळ्यात खाली अबाउट, त्यात विंडोइंग सिस्टिम ही ओळ. २४.०४ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, सिस्टिम डिटेल्स असं आत जावं लागतं. तिथे वेलँड किंवा एक्स११ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फोनवर हे वाचून घेताना स्पेलिंग विचारा. बाबांनी मला पहिल्यांदा "काहीतरी लँड लिहिलंय" असं सांगितलं होतं, तेवढ्यावरही काम भागलं.

टर्मिनलमधून बघायचं तर बहुतेक ठिकाणी एको $एक्सडीजी_सेशन_टाइप ही आज्ञा सांगतात. यातलं चलाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. इथेच पहिला सापळा आहे. ही आज्ञा तुम्ही एसएसएचमधून दिलीत तर उत्तर येतं "टीटीवाय" (नुसतं टर्मिनल), कारण ती तुमच्या एसएसएच सेशनबद्दल सांगते, पलीकडच्या पडद्याबद्दल नाही. ते बघून "इथे वेलँडही नाही आणि एक्सही नाही" असा निष्कर्ष काढणारे मी दोन जण पाहिलेत.

एसएसएचमधून खरं उत्तर असं मिळवा:

- नुसतं लॉगइनसीटीएल टाइप करा. चालू सेशनांची यादी येईल.
- ज्या ओळीत सीट० आणि तुमच्या माणसाचं युजरनेम आहे, तो सेशन क्रमांक घ्या. समजा तो २ आहे.
- लॉगइनसीटीएल शो-सेशन २ -पी टाइप. यातल्या शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. उत्तरात वेलँड किंवा एक्स११ येईल.

यादीत तुमच्या माणसाऐवजी जीडीएम (लॉगइन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) हे नाव दिसलं, तर पलीकडे अजून कुणी लॉगइनच केलेलं नाही. तो आजार वेगळा, पायरी ५.

साधारण अंदाज हवा असेल तर: फेडोराने २०१६ च्या फेडोरा २५ पासून ग्नोममध्ये (उबंटूतही असतो तो डेस्कटॉप) वेलँड हेच मूळ ठेवलं. डेबियनने २०१९ मध्ये, आवृत्ती १० पासून. उबंटूचा प्रवास थोडा धरसोडीचा: १७.१० मध्ये वेलँड आणलं, १८.०४ मध्ये परत एक्सवर गेले, २१.०४ पासून पुन्हा वेलँड. म्हणजे जो माणूस एका एलटीएसवरून (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर उडी मारतो, त्याला २०.०४ ते २२.०४ या उडीत हा बदल न सांगता मिळतो. माझं तेच झालं. लिनक्स मिंटचं सिनॅमन आणि एक्सएफसीई, माटे ही डेस्कटॉप मंडळी अजून मुख्यतः एक्सवर आहेत. तिथे काळा पडदा आला तर कारण दुसरीकडे शोधा.

३. तातडीचा उपाय: एक्सवर परत जाणं

पलीकडचा माणूस खोळंबलाय, पुढचं शिकायला आज वेळ नाही, अशा वेळी हा उपाय चालतो. उबंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये लॉगआउट करायचं, लॉगइन स्क्रीनवर नावावर क्लिक करायचं, आणि पासवर्ड टाकण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यात येणारं दातेरी चाक दाबून "उबंटू ऑन एक्सऑर्ग" (एक्सऑर्ग म्हणजे एक्सच) निवडायचं. नावावर क्लिक केल्याशिवाय ते चाक दिसत नाही. फोनवर यात आमची दहा मिनिटं गेली. निवड एकदा केली की लक्षात राहते.

ऑटो-लॉगइन लावलेलं असेल तर लॉगइन स्क्रीन येतच नाही. मग लॉगआउट करून बघा, किंवा एसएसएचमधून फाइल बदला. उबंटूत ती आहे ईटीसी फोल्डरमधल्या जीडीएम३ मधली कस्टम.कॉन्फ, फेडोरात फोल्डर नुसता जीडीएम, डेबियनमध्ये फाइलीचं नाव डीमन.कॉन्फ. तीत "वेलँडएनेबल=फॉल्स" अशी ओळ आधीच असते, फक्त तिच्यापुढे हॅशची खूण असते. ती खूण काढा, फाइल सेव्ह करा.

आता संगणक रीस्टार्ट करा. अनेक जण फक्त जीडीएम३ ही सेवा रीस्टार्ट करायला सांगतात. चालतं, पण त्या क्षणी पलीकडच्या माणसाच्या उघड्या सगळ्या खिडक्या विचारपूस न करता बंद होतात. बाबांची सव्वाशे पुस्तकांची नोंद अशीच गेली. कॅल्कने त्यातली काही परत आणून दिली, पण त्या दिवशी मला चहा मिळाला नसता, घरी असते तर. आधी विचारा, सेव्ह करायला सांगा, मग हात लावा.

हा उपाय किती दिवस पुरेल? फार नाही. २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४९ ने एक्सचं सेशन मूळ बांधणीतून बंद केलं, आणि उबंटू २५.१० व फेडोरा ४३ मध्ये ग्नोमसाठी ते चाक फिरवून एक्सऑर्ग निवडायची सोयच राहिली नाही. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या आवृत्ती १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकला. म्हणून एक्सवर परत जाणं म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणं समजा. ११ महिन्यांचा करार आहे, सामान फार उघडू नका.

४. नीट उपाय: वेलँडचं स्वतःचं आरडीपी

ग्नोममध्ये रिमोट डेस्कटॉप आतच आहे, वेगळा प्रोग्राम टाकावा लागत नाही. ग्नोम ४२ पासून, म्हणजे उबंटू २२.०४ पासून, ते आरडीपी बोलतं. हे वॉचमनला ओळखीचं आहे, त्यामुळे काळा पडदा येत नाही.

२२.०४ मध्ये: सेटिंग्ज, शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप. २४.०४ मध्ये: सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप. चालू करा आणि रिमोट कंट्रोलचं बटणही वेगळं चालू करा. ते विसरलं तर दिसतं सगळं, हलत काही नाही. लोक इथे पुन्हा "वेलँडच वाईट" म्हणत बसतात.

त्याच पानावर युजरनेम आणि पासवर्ड दिलेला असतो. हा संगणकाच्या लॉगइनचा पासवर्ड नव्हे. आरडीपीसाठी तो वेगळा ठेवलेला असतो आणि हवा तसा बदलता येतो. कनेक्शन "पासवर्ड चुकीचा" म्हणून परत येत असेल तर दहापैकी आठ वेळा, माझ्या अनुभवात, माणूस लॉगइनचा पासवर्ड टाकत असतो.

तुमच्या बाजूने रेमिना किंवा विंडोजचा क्लायंट उघडा, आरडीपी निवडा, पत्ता टाका. पोर्ट, म्हणजे जोडणी आत येते त्या दाराचा क्रमांक, ३३८९. पहिल्यांदा प्रमाणपत्र ओळखीचं नाही असा इशारा येईल. प्रमाणपत्र त्या संगणकाने स्वतःच बनवलेलं असल्यामुळे तसं होतं. तुम्ही स्वतःच्याच संगणकाला जोडताय याची खात्री असेल तर पुढे जा. जोडलं गेलं की पलीकडे वरच्या पट्टीत नारिंगी खूण उगवते. बाबांचा लगेच प्रश्न: "वर नारिंगी काय आलंय? व्हायरस?" आधीच सांगून ठेवा.

आता, ग्नोमचं न वापरता दुसरंच सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर पोर्टलमधून जावं लागतं. म्हणजे तुम्ही जोडायला गेलात की पलीकडच्या पडद्यावर चौकट येते: कोणता पडदा दाखवायचा, शेअर करायचं का? तिथे बसलेल्या माणसाने हो म्हणायचं. इथे कोंबडी आधी की अंडं आधी असा प्रकार होतो, कारण चौकट दाबायला पडदा दिसावा लागतो आणि पडदा दिसायला चौकट दाबावी लागते. म्हणून पहिल्यांदा माणूस हवा म्हटलं होतं. काही प्रोग्राम ही परवानगी लक्षात ठेवतात, काही दर वेळी विचारतात. रस्टडेस्क हे असं एक रिमोट सॉफ्टवेअर वेलँडला आधार देतं, पण प्रायोगिक म्हणून, आणि वेलँडची लॉगइन स्क्रीन त्यात दिसत नाही. ज्या घरी पलीकडे कुणी नसतं तिथे हे लक्षात घेऊन निवड करा.

चौकटच येत नसेल तर एसएसएचमधून सिस्टिमसीटीएल --युजर स्टेटस या आज्ञेला पुढे पाइपवायर, वायरप्लंबर आणि एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल ही नावं एकेक करून द्या. तिन्ही चालू हवेत. आणि पोर्टलला आपल्या डेस्कटॉपचा जोडीदार लागतो: ग्नोमला शेवटी ग्नोम असलेलं पॅकेज, केडीईला केडीई असलेलं, स्वे वगैरेंना डब्ल्यूएलआर. नुसतं जीटीके असलेलं पॅकेज आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फाइल निवडायची चौकट ते देतं, पडद्याचं चित्र देत नाही.

५. लाइट गेली, आली, आणि संगणक लॉगइन स्क्रीनवर बसला

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि नवख्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही.

२२.०४ मधलं ग्नोमचं आरडीपी तुमच्या सेशनच्या आत चालतं. लॉगइन झालेलं नसेल तर ते नाहीच. लाइट जाऊन आली, बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग केलेली आहे, संगणक सुरूही झाला, पण लॉगइन स्क्रीनवर थांबला. बाहेरून जोडता येत नाही.

साहजिक सुचतं ते ऑटो-लॉगइन. मीही लावलं. दुसऱ्या दिवशी आरडीपी पासवर्ड घेईना. कारण असं: आरडीपीचा पासवर्ड ग्नोम कीरिंगमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या कुलूपबंद जुडग्यात, ठेवलेला असतो. तुम्ही पासवर्ड टाकून लॉगइन करता तेव्हा त्याच पासवर्डने तो जुडगा उघडतो. ऑटो-लॉगइनमध्ये पासवर्ड टाकलाच जात नाही, जुडगा बंद राहतो, आणि आरडीपीला स्वतःचाच पासवर्ड वाचता येत नाही. पलीकडे "कीरिंग उघडा" अशी चौकट वाट बघत असते. बाबा ती रोज बंद करत होते. "काहीतरी इंग्रजीत विचारतं, मी कॅन्सल करतो."

त्यातून तीन वाटा निघतात.

पहिली, पासवर्ड्स अँड कीज या प्रोग्राममध्ये जाऊन लॉगइन कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवणं. चालतं, पण मग जुडग्यातले सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. लॅपटॉपवर हे अजिबात करू नका. घरातल्या, एकाच कामाच्या पीसीवर करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी केलं नाही.

दुसरी, ऑटो-लॉगइन काढून टाकणं आणि पलीकडच्या माणसाने सकाळी एकदा लॉगइन करणं. साधी आणि खात्रीची. आम्ही वर्षभर यावरच होतो.

तिसरी, ग्नोम ४६ किंवा त्यापुढे जाणं, म्हणजे उबंटू २४.०४. यात रिमोट लॉगइन नावाचा वेगळा प्रकार आला. हा सेशनच्या बाहेर, थेट सिस्टिमच्या पातळीवर चालतो, म्हणून कीरिंगचा प्रश्न मिटतो आणि मॉनिटर नसलेल्या संगणकावरही लॉगइन करता येतं. यात पासवर्ड दोनदा लागतो: आधी आरडीपीचा, मग समोर आलेल्या लॉगइन स्क्रीनवर खात्याचा. रिमोट लॉगइन नवं सेशन उघडतं. बाबा बसलेत तोच पडदा बघायचा असेल तर त्याच पानावरचं डेस्कटॉप शेअरिंग वापरायचं. दोन्ही चालू केलीत तर दोघांना एकच पोर्ट मिळत नाही. पानावर लिहिलेला पोर्ट बघून तोच क्लायंटमध्ये टाका. ३३८९ ऐवजी ३३९० दिसला तर घाबरू नका.

२२.०४ मध्ये आणखी एक: स्क्रीन लॉक झाली की कनेक्शन तुटतं आणि पुन्हा जोडता येत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीतून आपोआप लॉक होणं आणि पॉवरमधून स्क्रीन काळी होणं, दोन्ही बंद करा. सस्पेंडही बंद करा, झोपलेल्या संगणकाला कुणी जोडू शकत नाही.

६. एक्सआरडीपी वापरत असाल तर

जुने लेख सरसकट एक्सआरडीपी टाकायला सांगतात. चांगलं आहे, पण ते काय करतं ते समजून घ्या: ते पलीकडचा चालू पडदा दाखवत नाही, स्वतःचं नवं एक्स सेशन उघडतं. त्यामुळे पलीकडे वेलँड आहे की नाही याने त्याला फारसा फरक पडत नाही. मात्र त्याच युजरने पलीकडे आधीच लॉगइन केलेलं असेल तर तुम्हाला काळा पडदा दिसतो किंवा लगेच बाहेर फेकलं जातं. लॉगआउट करा, किंवा रिमोटसाठी वेगळा युजर बनवा.

तरीही काळं राहिलं तर ईटीसी, एक्सआरडीपी फोल्डरमधल्या स्टार्टडब्ल्यूएम.एसएच या फाइलीत, शेवटच्या भागात एक्ससेशन सुरू करणाऱ्या ओळींच्या वर, दोन ओळी घाला: अनसेट डीबस_सेशन_बस_अॅड्रेस आणि अनसेट एक्सडीजी_रनटाइम_डिर. दोन्ही चलांची नावं मोठ्या अक्षरांत. उबंटू, डेबियनवर एक्सआरडीपी या युजरला एसएसएल-सर्ट गटात घालायलाही विसरू नका, नाहीतर ते प्रमाणपत्राची किल्ली वाचू शकत नाही. आणि ग्नोमऐवजी एक्सएफसीई लावलंत तर निम्मे प्रश्न आपोआप जातात, हे माझं प्रामाणिक मत.

सापळा: एक्सआरडीपी आणि ग्नोमचं आरडीपी दोघांनाही ३३८९ हवा असतो. दोन्ही एकाच संगणकावर ठेवू नका. पोर्टवर कोण बसलंय ते सुडो एसएस -टीएलएनपी सांगतं.

७. बाकीची मंडळी, थोडक्यात

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये प्लाझ्मा ६ पासून वेलँड मूळ आहे, ६.१ पासून सिस्टिम सेटिंग्जमध्येच आरडीपीचं पान आलं, तेच वापरा. एक्स११व्हीएनसी नावाप्रमाणेच फक्त एक्ससाठी. वेलँडवर त्याच्याशी झगडत बसू नका. एक्सवर असूनही ते पडदा उघडेना, तर -ऑथ गेस हा पर्याय देऊन बघा, कारण जीडीएम परवानगीची फाइल घरच्या फोल्डरऐवजी रनच्या खालच्या फोल्डरात ठेवतं.

रास्पबेरी पायवाल्यांना २०२३ च्या ऑक्टोबरात बुकवर्म आवृत्तीने असाच धक्का दिला. पाय ४ आणि ५ वर वेलँड आलं, आणि जुन्या रिअलव्हीएनसी सर्व्हरच्या जागी वेव्हीएनसी. तिथे क्लायंट म्हणून टायगरव्हीएनसी घ्या, किंवा रास्पी-कॉन्फिगमधल्या अॅडव्हान्स्ड पर्यायांतून एक्स११ वर जा.

मॉनिटर काढून कपाटात ठेवलेला पीसी असेल आणि सगळं बरोबर करूनही चित्र येत नसेल, तर ग्राफिक्स कार्डला वाटतं पडदाच नाही. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. तो लावला की कार्ड फसतं.

८. घराबाहेरून जोडताना

एकाच वायफायवर सगळं चाललं आणि पुण्याहून चालत नाही, तर आता डिस्प्लेचा प्रश्न संपला, रस्त्याचा सुरू झाला.

आधी फायरवॉल: उबंटूत यूएफडब्ल्यू, फेडोरात फायरवॉलडी. मग राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुमची कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटते आहे. आपल्याकडे घरगुती जोडणीत हे सर्रास असतं. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून आतल्या संगणकाकडे वळवणं) कितीही करा, उपयोग शून्य. खरं तर ते करूच नका. ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून जत्रेला जाणं. पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम काही तासांत येतात.

टेलस्केल किंवा स्वतःचं वायरगार्ड लावा. ही दोन्ही तुमच्या संगणकांचं इंटरनेटवरून खाजगी जाळं बनवतात. मी टेलस्केल वापरते. त्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: पलीकडच्या संगणकासाठी की एक्सपायरी बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो जाळ्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा साइन-इन करायला तिथे माणूस लागतो. टेलस्केल जो पत्ता देतं तोही १०० ने सुरू होतो. तो राउटरच्या पत्त्याशी गल्लत करू नका.

९. जोडलं गेलं, पण मराठी टाइप होईना

पुस्तकयादी मराठीत, तेव्हा हा प्रश्न आम्हाला आलाच. व्हीएनसी साधारणपणे "कोणतं अक्षर" ते पाठवतं आणि आरडीपी "कोणती कळ" ते पाठवतं. तुमच्या बाजूला इन्स्क्रिप्ट चालू ठेवून व्हीएनसीतून "क" पाठवला, तर पलीकडच्याला तो कोणत्या कळीवर बसवायचा ते कळत नाही. काहीच उमटत नाही किंवा भलतंच उमटतं. उपाय एकच: तुमच्या बाजूचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि भाषा पलीकडच्या संगणकावर बदला.

भाषा बदलायची सुपर-स्पेस ही जोडी मात्र बऱ्याचदा तुमचाच संगणक गिळतो. रेमिनात सगळ्या कळा पलीकडे पाठवायचं बटण टूलबारवर आहे, ते दाबा. नाहीतर पलीकडच्या वरच्या पट्टीतून माउसने भाषा निवडा. बाबांच्या संगणकावर मी अजून माउसनेच निवडते, कारण ते बटण दाबलं की माझ्याकडचं ऑल्ट-टॅब बंद पडतं आणि मी त्यांच्या पडद्यात अडकून बसते.

१०. एवढं करूनही अडलंच तर

मदत मागण्याआधी हे लिहून काढा. "रिमोट चालत नाही" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही.

- पलीकडची लिनक्स आवृत्ती, डेस्कटॉपचं नाव आणि आवृत्ती
- लॉगइनसीटीएलने सांगितलेला सेशनचा प्रकार
- ग्राफिक्स कार्ड. एनव्हीडिया असेल तर ड्रायव्हरची आवृत्ती
- रिमोटचा प्रोग्राम आणि तो कसा टाकला: डेब, फ्लॅटपॅक की स्नॅप
- पलीकडे मॉनिटर जोडलेला आहे का, कुणी लॉगइन आहे का
- नेमकं लक्षण: पूर्ण काळं, काळं पण बाण फिरतोय, दिसतंय पण हलत नाही, जोडलंच जात नाही, की जोडून लगेच तुटतं
- जर्नलसीटीएल --युजर -यू ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप या आज्ञेच्या शेवटच्या वीसेक ओळी. त्यातले आयपी पत्ते आणि युजरनेम खोडून मगच कुठे चिकटवा.